दंतरोपण, उपपर्यस्थिक

दंतरोपण, उपपर्यस्थिक : दात पडून गेलेल्या जबड्याच्या हाडावर, परंतु हिरडी आणि हाडाचे तंतुमय आवरण (पर्यस्थिकला) यांच्या खाली, धातूची जाळीदार चौकट बसवून तिच्या हिरडीबाहेर आलेल्या खुंट्यांवर कृत्रिम दात बसविण्याचे तंत्र. चौकट पर्यस्थिकलेच्या खाली असते म्हणून तिला ‘उपपर्यस्थिक’ हे नाव मिळाले. नेहमीच्या दंतरोपणात धातूचा स्क्रू हाडाच्या आत रोवला जातो. या तंत्रात चौकट हाडावर खोगिरासारखी टेकलेली असते. विसाव्या शतकाच्या मध्यास हे तंत्र पुढे आले, सु. तीस वर्षे वापरात राहिले, नंतर जवळजवळ त्याज्य ठरले आणि एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात संगणकीय चित्रण व धातूचे त्रिमितीय मुद्रण यांच्या साहाय्याने नव्या रूपात पुन्हा पुढे आले.

गरज : दातांची मुळे जबड्याच्या ज्या भागात रुतलेली असतात, तो दंतकोटरांचा उंचवटा दातांच्या अस्तित्वावर अवलंबून असतो. चघळण्याचा दाब मुळांमार्फत हाडाला मिळत असतो, तोवर त्याची झीज व भरपाई यांचा तोल टिकतो. दात काढल्यावर हा तोल बिघडतो व उंचवटा हळूहळू विरघळू लागतो. वर बसविलेल्या कवळीचा दाब हिरडीमार्फत हाडावर पडतो व या झिजेला हातभार लावतो. टॅलग्रेन यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पंचवीस वर्षांच्या पाहणीत कवळी वापरणाऱ्यांच्या जबड्याची झीज वर्षानुवर्षे चालूच राहते आणि खालच्या जबड्याच्या पुढील भागात ती वरच्या जबड्याच्या सु. चौपट असते, असे आढळले. कॉवुड व हॉवेल यांनी १९८८ मध्ये या झिजेच्या सहा अवस्था ठरविल्या. त्यांपैकी शेवटच्या दोन अवस्थांत उंचवटा नाहीसा होऊन हाड सपाट किंवा खोलगट बनते. अशा जबड्यावर कवळी नीट बसत नाही. बोलताना ती हलते, खाताना सरकते आणि हिरडीला फोड येतात. मऊ अन्नावर राहणे, चारचौघांत जेवण्याचे टाळणे आणि चेहऱ्याचा खालचा भाग आत ओढला जाणे हे त्याचे परिणाम होत. नेमक्या अशाच रुग्णांच्या हाडात स्क्रू रोवण्याइतकी जाडी उरलेली नसते. हाडाच्या आत जागा नसेल तर हाडाच्या वर आधार शोधावा, हा उपपर्यस्थिक रोपणामागील मूळ विचार आहे.

पूर्वपीठिका : गेलेल्या दाताच्या जागी दुसरी वस्तू रोवण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. हाँडुरसमध्ये १९३१ साली सापडलेल्या, इ. स. सु. ६०० च्या एका खालच्या जबड्यात पटाशीच्या तीन दातांच्या जागी शिंपल्याचे तुकडे बसविलेले आढळले. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये एका व्यक्तीचा दात काढून दुसरीच्या जबड्यात बसविण्याची प्रथा होती. शल्यचिकित्सक जॉन हंटर यांनी १७७१ मधील आपल्या दंतविषयक ग्रंथात तिचे विवेचन केले होते. गरिबांचे दात पैसे देऊन घेतले जात. अशा दातांबरोबर रोगही संक्रमित होतात ही भीती आणि दात न टिकण्याचा अनुभव यांमुळे ही प्रथा मागे पडली.

धातूंच्या रोपणातील मुख्य अडचण शरीरद्रवात होणाऱ्या गंजण्याची होती. व्हेनेबल व स्टक या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी १९३७ मध्ये निरनिराळ्या धातूंचा हाडावर होणारा परिणाम तपासला. त्यात कोबाल्ट, क्रोमियम व मॉलिब्डेनम यांची ‘व्हायटॅलियम’ या नावाची मिश्रधातू शरीरात जवळजवळ निष्क्रिय राहते, असे दिसून आले. ही मिश्रधातू दंतवैद्यांना कवळ्यांच्या सांगाड्यांसाठी आधीच परिचित होती व तिचे बारीक, गुंतागुंतीचे आकार ओतता येत. स्ट्रॉक बंधूंनी बॉस्टन येथे १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तिचे स्क्रू जबड्यात रोवून पाहिले. हाडावर टेकणाऱ्या चौकटीची वाटही याच धातूने मोकळी करून दिली.

उगम व प्रसार : या तंत्राचे जनकत्व स्वीडिश दंतवैद्य गुस्टाव्ह डाल यांच्याकडे जाते. त्यांनी १९४३ मध्ये स्वीडिश भाषेतील दंतवैद्यकीय नियतकालिकात जबड्यावर धातूचा सांगाडा रोवून त्यावर कायम किंवा काढता येणारी कवळी बसविण्याची कल्पना मांडली. महायुद्धानंतर ती अमेरिकेत पोहोचली. एरन गर्शकॉफ व नॉर्मन गोल्डबर्ग यांनी १९४८ च्या सुमारास तेथे अशी रोपणे केली व १९४९ मध्ये खालच्या जबड्यावरील रोपित कवळीची माहिती प्रसिद्ध केली. सुरुवातीच्या चौकटी हिरडीवरून घेतलेला ठसा आणि क्ष-किरण चित्र यांच्या आधारे बनविल्या जात. हिरडीची जाडी अंदाजाने वजा करावी लागे. साहजिकच चौकट हाडावर सर्वत्र सारखी टेकत नसे. १९५० च्या सुमारास बर्मन, ल्यू आदींनी हिरडी उघडून प्रत्यक्ष हाडाचाच ठसा घेण्याची पद्धत रूढ केली. यामुळे चौकट अधिक अचूक बसू लागली व तंत्राला वेग आला. १९५१ मध्ये अमेरिकेत रोपित कवळ्यांना वाहिलेली दंतवैद्यांची स्वतंत्र संस्थाही स्थापन झाली. लिओनार्ड लिंकॉव यांच्यासारख्या दंतवैद्यांनी पुढे चौकटीच्या रचनेत अनेक बदल केले.

हा प्रसार लक्षणीय वेगाने झाला. डाल यांच्या लेखानंतर आठ वर्षांच्या आत तंत्र दोन खंडांत पोहोचले होते. परंतु दहा वर्षे टिकलेल्या रोपणांची पद्धतशीर नोंद तोवर कोणाजवळ असणे शक्यच नव्हते.

पारंपरिक पद्धती : हे रोपण दोन शस्त्रक्रियांत होई. पहिल्या शस्त्रक्रियेत स्थानिक संवेदनाहरण करून उंचवट्याच्या माथ्यावर छेद देत. हिरडी व पर्यस्थिकला दोन्ही बाजूंना सोडवून हाड उघडे करीत आणि रबरासारख्या लवचिक द्रव्याने त्याचा ठसा घेत. खालच्या जबड्यात हनुवटीजवळील छिद्रातून बाहेर पडणारी तंत्रिका जपावी लागे. ठसा घेतल्यावर जखम टाके घालून बंद करीत. ठशावरून बनविलेल्या प्रतिकृतीवर चौकटीचा मेणाचा आकार तयार करून ती व्हायटॅलियममध्ये ओतली जाई. काही आठवड्यांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेत हिरडी पुन्हा उघडून चौकट हाडावर बसवीत व वरून हिरडी शिवून टाकीत. चौकटीचे, बहुधा चार, खुंट हिरडीतून तोंडात डोकावत आणि त्यांवर कवळी बसविली जाई. चौकटीच्या जाळीतून तंतुमय ऊतक वाढून ती जागेवर धरून ठेवी. हाडाचा धातूशी प्रत्यक्ष जोड मात्र होत नसे.

हाड व धातू यांच्यामधील या तंतुमय थराकडे त्या काळी दोष म्हणून पाहिले जात नव्हते. नैसर्गिक दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्येही तंतूंचा थर असतो व तो दाब झेलतो [→ दात]. रोपणाभोवतीचा थरही तसेच काम करील, अशी समर्थकांची धारणा होती. नैसर्गिक दातातील तंतू मूळ व हाड या दोन्हींत घट्ट रुतलेले असतात. रोपणाभोवतीचे तंतू धातूत रुतू शकत नाहीत. ते त्याला केवळ वेढून असतात. त्यामुळे ही तुलना सदोष होती. मात्र तो भेद रुग्णांच्या जबड्यांवर स्पष्ट होण्यास कित्येक वर्षे जावी लागली.

उपद्रव : खालच्या जबड्याचे हाड घट्ट असल्याने तेथील काही रोपणे दीर्घकाळ उपयोगी पडली. कवळी मुळीच न टिकणाऱ्या या रुग्णांना घन अन्न पुन्हा खाता येऊ लागले. वरच्या जबड्यातील हाड पातळ व सच्छिद्र असल्याने तेथील अनुभव बराच वाईट होता. खुंट हिरडीतून जेथे बाहेर येई तेथे हिरडी त्याला घट्ट चिकटत नसे. त्या फटीतून जंतू आत शिरत व चौकटीच्या कडेने पसरत. दीर्घकालीन दाह, पू होणे, हिरडी मागे सरून चौकट उघडी पडणे, चौकटीखालील हाडाची झीज होऊन ती खाली रुतत जाणे, तिची भुजा मोडणे आणि तंत्रिकेवर दाब पडून ओठ बधिर होणे असे उपद्रव आढळत. एक स्क्रू निकामी झाला तर तेवढाच काढता येतो. चौकट मात्र संपूर्ण जबड्यावर पसरलेली असे. ती काढण्यासाठी काही वेळा तिचे तुकडे करावे लागत आणि मागे राहिलेले हाड आरंभीपेक्षाही कमी भरे. ज्या झिजेमुळे रोपण करावे लागले तीच झीज रोपणाच्या अपयशाने वाढावी, हे या तंत्राचे सर्वांत गंभीर वैगुण्य होते.

यशाची मोजपट्टी : अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्था व हार्व्हर्ड विद्यापीठ यांच्या वतीने १९७८ मध्ये भरलेल्या परिषदेत तत्कालीन सर्व प्रकारच्या दंतरोपणांचे लाभ व धोके तपासले गेले. या परिषदेतून पुढे आलेल्या निकषांनुसार रोपण पाच वर्षे कार्यक्षम राहण्याचे प्रमाण ७५ टक्के असल्यास तंत्र यशस्वी मानावयाचे होते. रोपणाभोवतीच्या हाडाच्या उंचीची एकतृतीयांशपर्यंत झीजही या निकषांत चालत असे. त्या काळी अपेक्षा किती मर्यादित होत्या, हे यावरून दिसते.

याच सुमारास स्वीडनमधूनच आलेल्या दुसऱ्या संशोधनाने ही मोजपट्टी बदलून टाकली. पेर-इंग्व्हार ब्रोनेमार्क यांना १९५० नंतरच्या दशकाच्या आरंभी सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करताना टिटॅनियमची उपकरणे हाडाशी एकजीव झाल्याचे आढळले. या घटनेला पुढे अस्थिसंलग्नता हे नाव मिळाले. १९६५ मध्ये गॉथेनबर्ग येथे त्यांनी पहिल्या रुग्णावर टिटॅनियमच्या स्क्रूंचे रोपण केले. दहा वर्षांच्या अनुभवाचा वृत्तांत १९७७ मध्ये व पंधरा वर्षांचा १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८२ मध्ये टोराँटो येथे जॉर्ज झार्ब यांनी भरविलेल्या परिषदेनंतर या तंत्राला उत्तर अमेरिकेत मान्यता मिळू लागली. १९८६ मध्ये आल्ब्रेक्टसन व सहकाऱ्यांनी नवे निकष मांडले. पाच वर्षांनंतर ८५ टक्के व दहा वर्षांनंतर ८० टक्के यश आणि पहिल्या वर्षानंतर हाडाची झीज वर्षाला ०·२ मिमी. पेक्षा कमी, ही किमान अपेक्षा ठरली.

पहिल्या रुग्णापासून व्यापक मान्यतेपर्यंत ब्रोनेमार्क यांच्या तंत्राला सतरा वर्षे लागली. या विलंबामागे विरोध व संशयही होता. पण त्यामुळे मान्यता मिळाली तेव्हा दीर्घ निरीक्षणांचा पुरावा हाताशी होता. उपपर्यस्थिक रोपणाच्या बाबतीत क्रम उलटा होता : प्रसार आधी झाला आणि पुरावा मागून आला. बोडाइन व सहकाऱ्यांनी ४१ रुग्णांच्या चाळीस वर्षांच्या अनुभवाचे संकलन प्रसिद्ध केले, तेव्हा १९९६ साल उजाडले होते आणि तंत्र बहुतेक ठिकाणी सोडून देण्यात आले होते.

ऱ्हास : १९८० नंतर टिटॅनियमच्या स्क्रूंचा वापर झपाट्याने वाढला. हाड अपुरे असल्यास कमरेच्या किंवा अन्य हाडाचे कलम करून ते वाढविता येऊ लागले. वरच्या जबड्यासाठी गालाच्या हाडात (गंडास्थीत) रोवावयाचे लांब स्क्रूही ब्रोनेमार्क यांनी प्रचारात आणले. खालच्या जबड्यासाठी तर केवळ दोन स्क्रूंवर कवळी समाधानकारकपणे टिकते असे दिसून आले. कॅनडातील मॅक्‌गिल विद्यापीठातील परिषदेत २००२ मध्ये हाच उपचार दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी प्रथम पसंतीचा ठरविण्यात आला. त्यामुळे चौकटीची गरज कमी झाली आणि दंतवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत ती इतिहासाचा विषय बनली.

तथापि एक गट मागे राहिला. अतिशय झिजलेल्या जबड्यात स्क्रू बसण्यासाठी मोठे अस्थिकलम लागते. कलम जुळून येण्यास काही महिने जातात, त्यानंतर स्क्रू व त्यानंतर दात बसतात. हाड ज्या जागेतून घेतले जाते तेथेही वेदना राहतात आणि कलम कधी कधी विरघळते. वृद्ध, मधुमेही किंवा अर्बुदाच्या शस्त्रक्रियेत जबड्याचा भाग गमावलेल्या व्यक्तींना ही उपचारमाला झेपत नाही किंवा तिचा उपयोग होत नाही. या रुग्णांमुळे जुन्या कल्पनेकडे पुन्हा लक्ष गेले.

पुनरुज्जीवन : पहिला प्रयत्न संगणकीय छेदचित्रणाच्या (सी. टी. स्कॅनच्या) आधारे झाला. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ मध्ये लंडन येथे पहिल्या रुग्णाचे चित्रण केले. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत ट्रुइट, जेम्स, गोलेक आदींनी जबड्याच्या छेदचित्रांवरून त्याची प्रतिकृती बनविली व तीवर चौकट तयार केली. त्यामुळे ठसा घेण्यासाठीची पहिली शस्त्रक्रिया टळली. मात्र तत्कालीन छेदांची जाडी, रुग्णाच्या हालचाली व तोंडातील धातूंमुळे चित्रात उमटणाऱ्या रेषा यांमुळे प्रतिकृतीत चुका राहत. चौकट पूर्वीप्रमाणेच ओतीव होती व तिच्याभोवती तंतुमय थरच तयार होई. हाड धातूला चिकटावे म्हणून तिच्यावर हायड्रॉक्सिॲपेटाइट या हाडातील खनिजाचा लेप देण्याचे प्रयोगही झाले. ऱ्हास मात्र थांबला नाही.

यानंतरच्या तीन दशकांत दोन गोष्टी बदलल्या. शंक्वाकार किरणशलाका वापरणाऱ्या चित्रणयंत्रांमुळे कमी प्रारण देऊन जबड्याची सूक्ष्म त्रिमितीय चित्रे दंतचिकित्सालयातच मिळू लागली. तसेच धातूच्या भुकटीचा पातळ थर पसरून आवश्यक तेवढाच भाग लेसरने वितळविणे व अशा थरांवर थर रचून वस्तू घडविणे शक्य झाले. साचा व ओतकाम यांची गरज राहिली नाही आणि टिटॅनियमच्या मिश्रधातूचा हवा तो आकार संगणकावरील आराखड्यावरून थेट घडविता येऊ लागला. ब्रुसेल्स येथील मुख व जबडा शल्यचिकित्सक मॉरिस मोमार्ट्स यांनी २०१७ मध्ये अशा मुद्रित उपपर्यस्थिक रोपणाचे वर्णन प्रसिद्ध केले. २०१८ मध्ये चेरेआ व डोल्चिनी यांनी इटलीतील ७० रुग्णांवर वापरलेल्या मुद्रित चौकटींचा वृत्तांत मांडला. त्यानंतर यूरोपात व अन्यत्र या विषयावरील लेखन वेगाने वाढले.

आधुनिक पद्धती : रुग्णाच्या जबड्याचे चित्रण करून व कृत्रिम दातांची अपेक्षित जागा आधी निश्चित करून संगणकावर चौकटीची आखणी करतात. खुंटांची जागा हाड कोठे शिल्लक आहे यावरून ठरत नाही. दात कोठे हवेत यावरून ती ठरते. चौकटीच्या भुजा झिजलेल्या उंचवट्यावर न टेकविता दाब झेलू शकणाऱ्या घट्ट भागांपर्यंत नेतात. वरच्या जबड्यात नाकाच्या द्वाराच्या कडा व गंडास्थीकडे जाणारे खांब हे असे भाग होत; दात गेल्यावरही त्यांची फारशी झीज होत नाही. चघळण्याच्या दाबाने चौकटीत कोठे ताण येईल याची गणना करून आवश्यक तेथे ती जाड करतात. चौकट लहान स्क्रूंनी हाडाला आवळली जाते. पूर्वी ती नुसती टेकलेली असे व तिची सूक्ष्म हालचाल तंतुमय थराच्या निर्मितीस कारण होई. घट्ट आवळल्याने ही हालचाल थांबते. हाडाला लागणारा पृष्ठभाग सच्छिद्र ठेवल्यास त्यात हाड वाढू शकते. एकाच शस्त्रक्रियेत चौकट बसते व दातही लगेच किंवा थोड्याच अवधीत जोडता येतात.

अशा रीतीने जुन्या तंत्राच्या तीन उणिवांपैकी दोन बऱ्याच अंशी दूर झाल्या आहेत. चौकट हाडावर नेमकी बसते आणि ती ज्या धातूची असते त्याच्याशी हाडाचा प्रत्यक्ष जोड होऊ शकतो. तिसरी उणीव हिरडीतून बाहेर येणाऱ्या खुंटाची आहे. मुद्रित चौकटींच्या वृत्तांतांतही हिरडी मागे सरणे, चौकटीची भुजा उघडी पडणे व स्थानिक जंतुसंसर्ग हे उपद्रव नोंदविले गेले आहेत. भुजा उंचवट्यापासून दूर नेल्याने व हाडात त्यांच्यासाठी उथळ खाच केल्याने ते कमी करण्याचा प्रयत्न होतो. तोंडाची स्वच्छता, धूम्रपान न करणे व नियमित तपासणी यांचे महत्त्व मात्र पूर्वीइतकेच आहे.

मूल्यमापन : नव्या तंत्राविषयीचे बहुतेक वृत्तांत एक ते काही वर्षांच्या निरीक्षणावर आधारलेले आहेत आणि त्यांतील निष्कर्ष सामान्यतः आशादायक आहेत. तथापि पहिल्या काही वर्षांतील निष्कर्ष १९५० नंतरही आशादायकच होते. हाडाची झीज व दीर्घकालीन दाह यांना दृश्य होण्यास दहा-पंधरा वर्षे लागू शकतात, ही या तंत्राच्या पहिल्या आयुष्याची शिकवण आहे. शिवाय प्रत्येक चौकट एकाच व्यक्तीसाठी घडविलेली असल्याने तिचा आकार, भुजांची संख्या व बसविण्याची जागा वेगवेगळी असते. हजारो सारख्या स्क्रूंची जशी तुलना करता येते तशी या चौकटींची करता येत नाही. त्यामुळे रुग्णांची केंद्रीय नोंद ठेवणे व अपयशी ठरलेली रोपणेही प्रसिद्ध करणे येथे अधिकच आवश्यक ठरते.

सध्याच्या मतप्रवाहानुसार हे रोपण साध्या स्क्रूंना पर्याय नाही. ज्यांच्या जबड्यात स्क्रू बसू शकत नाहीत, ज्यांना अस्थिकलम झेपत नाही किंवा ज्यांच्यात ते निष्फळ ठरले आहे, अशा मोजक्या रुग्णांसाठी त्याचा विचार होतो. या व्यक्तींना त्याने एका शस्त्रक्रियेत चघळण्याची क्षमता परत मिळू शकते. ते निकामी झाल्यास मात्र त्यांच्यापाशी गमावण्याजोगे हाड फारच थोडे उरलेले असते. डाल यांची मूळ कल्पना चुकीची नव्हती. तिला साजेसे मापन, धातू व घडण त्यांच्या काळी उपलब्ध नव्हती. ही तिन्ही आता उपलब्ध आहेत. दीर्घकाळच्या निरीक्षणाची जागा मात्र कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही व त्याची पूर्तता होईपर्यंत या तंत्राविषयीचा अंतिम निर्णय राखून ठेवणेच योग्य ठरते.